अंगणात आपोआप उगवलेली लिंबाची रोपे : ओळख, निवड आणि जोपासना

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की लिंबाखालच्या मातीत, गोठ्याच्या कडेला, कुंपणाच्या तारेखाली हिरव्या कातरलेल्या पानांची बारीक रोपे वर येतात. एका झाडाखाली शेकड्याने येतात. दिवाळीपर्यंत त्यांतली बहुतेक झाडलोटीत, शेळीच्या तोंडी किंवा कोळपणीत जातात आणि उरलेली उन्हाळ्यात वाळतात. पुढच्या वर्षी वृक्षलागवडीची वेळ आली की आपण रोपवाटिकेत जाऊन पिशवीतले लिंबाचे रोप विकत आणतो.

मांजरसुंबा आणि आसपासच्या बालाघाटातील गावांसाठी ही रोपे फुकट मिळतात एवढ्यापुरती महत्त्वाची नाहीत. इथली जमीन हलकी, मुरमाड, उताराची आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास असला तरी दोन पावसांत मोठे खंड पडतात. अशा जागी झाड जगते ते खोल गेलेल्या सोटमुळाच्या जोरावर. आपोआप उगवलेल्या रोपाचे सोटमूळ पहिल्या दिवसापासून सरळ खाली गेलेले असते. ते आपण जितके लवकर ओळखू आणि जितके कमी दुखवू, तितके पुढच्या उन्हाळ्यात त्याला कमी पाणी लागेल. या लेखातील सगळ्या सूचना याच एका गोष्टीभोवती आहेत.

(आपल्या भागात कडुलिंबाला नुसते ‘लिंब’ म्हणतात. या लेखातही ‘लिंब’ म्हणजे कडुलिंब. कागदी लिंबू नव्हे.)

रोपे कुठून येतात?

लिंबाला साधारण पाडव्याच्या सुमारास फुलोरा येतो आणि जून-जुलैत निंबोळी पिकते. पिवळ्या निंबोळीचा गर साळुंकी, बुलबुल, कावळे आणि वटवाघळे खातात आणि बी टाकून देतात. म्हणून रोपे फक्त लिंबाखाली दिसत नाहीत. पक्षी जिथे बसतात तिथे, म्हणजे विजेच्या तारेखाली, बाभळीच्या झुडपात, बांधावरच्या बोरीखालीही दिसतात.

लिंबाचे बी फार काळ टिकत नाही. गर निघालेले ताजे बी ओल मिळताच एक ते तीन आठवड्यांत उगवते. तेच बी काही आठवडे कोरडे पडून राहिले तर उगवणशक्ती झपाट्याने कमी होते. म्हणून मागच्या वर्षी गोळा करून ठेवलेली निंबोळी पेरून सहसा काही हाती लागत नाही.

आईच्या झाडाखालची रोपे का मरतात, हेही समजून घ्यावे. तिथे सावली असते, मोठ्या झाडाच्या मुळ्या वरच्या थरातील ओल ओढून घेतात आणि एकाच वीतभर जागेत दहा-वीस रोपे एकमेकांशी भांडतात. लहानपणी लिंब थोडी सावली सोसतो, पण पुढे त्याला उघडे ऊन लागतेच. थोडक्यात, झाडाखालचे रोप हलवले नाही तर ते जाणार. बांधावर किंवा कुंपणाला मोकळ्या जागी आलेले रोप मात्र हलवू नये.

आधी खात्री करा : हा लिंबच आहे का?

ही पायरी सोडू नका. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी घरामागे तीन ‘लिंब’ लावले होते. दोन वर्षांनी त्यांतला एक बकाण निघाला. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत दोघांचीही पाने कातरलेली असतात आणि चूक सहज होते.

लिंबाच्या रोपाच्या खुणा :

- बीजदले जाड, मांसल असतात आणि जमिनीलगतच राहतात. जवळ माती उकरली की बियाचे पातळ, गुळगुळीत, लांबट टरफल सापडते.
- एका बियातून बहुधा एकच रोप येते, क्वचित दोन.
- पहिली दोन पाने समोरासमोर असून साधारण तीन-तीन पर्णिकांची आणि खोल कातरलेली असतात. त्यापुढची पाने एकाआड एक येतात.
- पाचव्या-सहाव्या पानापासून लिंबाचे ओळखीचे पान दिसू लागते : मधे एकच दांडी, तिच्या दोन्ही बाजूंना करवती कडांच्या पर्णिका. प्रत्येक पर्णिका विळ्यासारखी किंचित वाकडी आणि बुडाशी दोन्ही बाजूंनी असमान असते.

ज्यांच्याशी गल्लत होते ती रोपे :

- बकाण (बकाणा लिंब) : याची आठळी मण्यासारखी, कठीण आणि उभ्या कंगोऱ्यांची असते. एका आठळीत चार-पाच बिया असल्याने रोपे जुडीने उगवतात. बीजदले पातळ, हिरवी आणि जमिनीपासून वर उचललेली असतात. पुढे पान दोन-तीनदा फाटते, म्हणजे मधल्या दांडीला पुन्हा उपदांड्या आणि त्यांवर पर्णिका. लिंबाच्या पानाला उपदांड्या कधीच नसतात. हीच सर्वांत पक्की खूण.
- मिलिया डुबिया (मलबार नीम) : प्लायवूडसाठी लावले जाणारे हे झाड बकाणाचेच भाऊबंद. नावात ‘नीम’ असले तरी याचा आणि निंबोळी अर्काचा संबंध नाही. पान बकाणासारखे दोन-तीनदा फाटलेले.
- महारुख : बी कागदासारख्या पंखाचे असते. पान खूप लांब, पर्णिका मोठ्या, आणि चुरगळल्यावर उग्र, नकोसा वास येतो.
- गोडलिंब (कढीपत्ता) : पक्षी याचेही बी टाकतात. पान चुरगळले की फोडणीचा ओळखीचा वास येतो, त्यामुळे शंका राहत नाही.

चव घेऊन ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. बकाणाची फळे माणसाला आणि जनावरांना विषारी आहेत. लहान मुले जिथे खेळतात त्या अंगणात बकाणाचे रोप वाढू देऊ नये, आणि त्याची फळे निंबोळी समजून अर्कासाठी वापरू नयेत.

शंका असेल तर सरळ उपाय म्हणजे दहा-बारा दिवस थांबणे. सहावे पान आले की उत्तर मिळते.

बियाचे रोप की मुळाचा फुटवा?

अंगणात खोदकाम झाले असेल, पाइपलाइन गेली असेल तर मोठ्या लिंबाच्या दुखावलेल्या आडव्या मुळांवर फुटवे येतात. ते जोमदार दिसतात, पाने थेट मोठ्या झाडासारखी असतात आणि पहिल्या कातरलेल्या पानांची खूण त्यांना नसते. बोटाने माती उकरून पाहावे. खाली सरळ बारीक मूळ जात असेल तर बियाचे रोप. बोटाएवढ्या आडव्या मुळाला चिकटलेले असेल तर फुटवा. फुटव्याला स्वतःचे सोटमूळ नसते. तो काढून दुसरीकडे लावण्यात वेळ घालवू नये.

कोणती रोपे निवडावीत?

शेकडो रोपांतून दहा निवडायची आहेत, तेव्हा चोखंदळ व्हायला हरकत नाही.

१. आधी आईचे झाड पाहावे. बियापासून आलेल्या लिंबांत एकेका झाडाचा गुण वेगळा निघतो. दरवर्षी भरपूर निंबोळी देणाऱ्या, सरळ खोडाच्या, निरोगी झाडाखालची रोपे घ्यावीत.

२. शेंडेमर झालेल्या झाडाखालची रोपे टाळावीत. या बुरशीजन्य रोगात फांद्यांचे शेंडे तांबूस होऊन वाळतात, फुलोरा करपतो. तेलंगणात २०२१ पासून याचा मोठा प्रादुर्भाव झाला. आपल्याकडेही पावसाळा सरताना शेंडे वाळलेले लिंब दिसतात. मोठे झाड बहुधा पुन्हा फुटते, पण ही बुरशी बियातून पुढे जाऊ शकते.

३. रोप वीतभराच्या आतले, चार ते सहा पानांचे, सरळ दांड्याचे असावे. सर्वांत उंच रोप घेण्याचा मोह टाळावा. सावलीत प्रकाशासाठी ओढलेले लांबुळके रोप उन्हात नेले की मान टाकते.

४. दोन रोपे एकमेकांना अगदी चिकटून असतील तर एक कात्रीने जमिनीलगत कापावे. उपटू नये, दुसऱ्याचे मूळ हलते.

जागेवरच ठेवायचे की हलवायचे?

जागा चालण्यासारखी असेल तर रोप हलवू नये, ही पहिली पसंती. जागा चालण्यासारखी म्हणजे :

- घराच्या भिंतीपासून, विहिरीपासून, पाण्याच्या हौदापासून किमान १५ ते २० फूट दूर.
- वर विजेची तार नाही. असेल तर दहा वर्षांनी तेच झाड छाटत बसावे लागते.
- पाणी साचत नाही. लिंब दुष्काळ सोसतो, पण बुडाशी साचलेले पाणी सोसत नाही. पाण्याचा निचरा न होणाऱ्या भारी काळ्या जमिनीत तो पिवळा पडतो. आपली मुरमाड माळरानाची जमीन त्याला मानवते.
- बांधावर असेल तर शेजाऱ्याशी बोलणे झाले आहे. सावली कोणाच्या पिकावर पडणार, हे आजच ठरवलेले बरे. झाड मोठे झाल्यावर भांडण मोठे होते.

या चारही गोष्टी जुळल्या तर फक्त आळे करावे, काट्या लावाव्यात आणि रोप आहे तिथे वाढू द्यावे.

हलवायचे असेल तर

लिंबाचे रोप वर बोटभर दिसते तेव्हा खाली त्याहून लांब गेलेले असते. म्हणून जुलै-ऑगस्ट हाच योग्य काळ. ऑक्टोबरमध्ये तेच रोप खुरप्याने अखंड निघत नाही.

- ढगाळ दिवस किंवा संध्याकाळची वेळ निवडावी. आदल्या दिवशी पाणी देऊन माती ओली करावी.
- रोपापासून चार बोटे लांब, गोल फिरून खुरपे किंवा लहान फावडे सरळ खाली घालावे. किमान वीतभर खोल गेल्यावर खालून उचलून मातीच्या हुंडीसह रोप काढावे. दांड्याला धरून ओढू नये; धरायचेच तर हुंडीला धरावे.
- हुंडी फुटली तर मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळून लगेच सावलीत न्यावीत आणि अर्ध्या तासात लावावीत. वरची निम्मी पाने कापल्यास पाण्याची तूट कमी होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सोटमूळ तुटले की लिंबाचे रोप मरतेच असे नाही. पाण्याची सोय असेल तर उघड्या मुळांची रोपे किंवा खुंटसुद्धा लावतात आणि ते फुटतात. पण तुटलेल्या सोटमुळाच्या जागी बाजूच्या मुळ्या जोर धरतात आणि झाड बराच काळ वरच्या थरातील ओलीवर अवलंबून राहते. कोरडवाहू माळावर नेमकी तीच ओल मार्चपर्यंत संपलेली असते.

थेट जागेवर की पिशवीत?

पाऊस नियमित असेल आणि खड्डा तयार असेल तर ऑगस्ट मध्यापर्यंत थेट कायमच्या जागी लावावे. एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा या लहान रोपाला पुरतो. तळातला मुरूम पहारीने आणखी वीतभर सैल करावा, म्हणजे मुळाला वाट मिळते. मातीत एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घालू नये, त्याने वाळवी आणि हुमणी येते. युरियाची गरज नाही.

पिशवीत वाढवायचे तर ६ × ९ इंच किंवा त्याहून उंच पिशवी घ्यावी. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू असे मिश्रण भरावे आणि तळाला छिद्रे पाडावीत. तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन वरून कापून वापरल्यास खोली चांगली मिळते. पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हात आणावे. महिन्यातून एकदा पिशवी उचलून जागा बदलावी, नाहीतर मूळ पिशवीतून जमिनीत जाते आणि लावताना तुटते. अशी रोपे पुढच्या जून-जुलैत दीड ते दोन फुटी खड्ड्यात लावावीत. पिशवी फाडताना तळाशी मुळांचे वेटोळे दिसले तर तेवढा भाग धारदार चाकूने कापून टाकावा. वेटोळे घेतलेले मूळ खाली जात नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे रोपाला पहिल्यांदा पाण्याची गरज पडते तेव्हा घराला कुलूप असते किंवा घरी एखादे वयस्कर माणूस असते. लावलेली झाडे जगत नाहीत याचे एक मोठे कारण हे आहे, आणि लागवडीचे सल्ले देताना आपण ते विसरतो.

अशा घरांसाठी माझा सल्ला वेगळा आहे :

- पिशवीत रोपे ठेवूच नका. पिशवीतले रोप हिवाळ्यातही आठवडाभराच्या वर पाण्याशिवाय राहत नाही.
- दहा रोपांऐवजी दोन धरा, आणि तीही शक्यतो जागेवर उगवलेली. ज्याचे मूळ हललेले नाही ते रोप दिवाळीनंतर बऱ्याच अंशी स्वतःच्या बळावर उभे राहते.
- हलवायचेच असेल तर जुलैतच हलवा. निघण्यापूर्वी मुळे बसायला तीन महिने मिळतात.
- जाण्याच्या आठवड्यात आळ्यातील तण काढून माती हलवा, भरपूर पाणी द्या आणि वर चार बोटे पाचट किंवा भुसकट पसरा. दांड्याभोवती दोन बोटे जागा मोकळी ठेवा, म्हणजे वाळवी दांड्याला लागत नाही.
- दक्षिण आणि पश्चिम बाजूला तुराट्यांचा आडोसा उभा करा.
- घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना रोज घागर उचलायला लावू नका. रोपापासून फूटभर अंतरावर बुडाला बारीक छिद्र पाडलेले मडके गळ्यापर्यंत पुरून द्या. छिद्रात सुती वात घाला आणि तोंडावर झाकण ठेवा. आठवड्यातून एकदा भरले तरी चालते.

न्हाणीच्या सांडपाण्याजवळ रोप असेल तर उत्तम, पण डबक्यात नव्हे. पाणी मुरते त्या कडेला असावे.

पहिली दोन वर्षे

शेळीपासून राखण हे सर्वांत मोठे काम. उन्हाळ्यात चारा संपला की लिंबाचा पाला शेळ्यांना घालतातच, त्यामुळे तिला ती चव माहीत असते. बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्या कमरेइतक्या उंच, गोल रोवून खाली दगड लावावेत. पहिली तीन-चार वर्षे या झाडाचा पाला तोडू नये.

घरी माणूस असेल तर मार्च ते मेमध्ये आठवड्यातून एकदा चार-पाच लिटर पाणी सावकाश द्यावे. रोज तांब्याभर पाणी दिल्याने मुळे वरच रेंगाळतात. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, पण जास्त पाणी द्यावे. पुढे बहुधा गरज राहत नाही.

पहिल्या वर्षी वरची वाढ फूट-दीड फूटच दिसते. निराश होऊ नये. त्या वर्षी झाड खाली वाढत असते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फेब्रुवारीत सगळी पाने गळाली. रोप मेले का?*
बहुधा नाही. लिंबाची पाने या काळात गळतातच. दांड्यावर नखाने हलके खरवडून पाहा. आत हिरवे असेल तर रोप जिवंत आहे.

*उन्हाळ्यात शेंड्यापासून बुडापर्यंत वाळले. उपटून टाकू का?*
जुलैपर्यंत थांबा. मूळ जिवंत असेल तर पहिल्या पावसानंतर बुडातून फुटवा येतो. दोन-तीन आले तर जोमदार एक ठेवून बाकीचे कापा.

*पिशवीतल्या रोपाची पाने पिवळी पडत आहेत.*
आधी पाणी कमी करा आणि तळाची छिद्रे उघडी आहेत का ते पाहा. खत घालण्याची घाई करू नका.

*रोपे हलवण्याऐवजी निंबोळी थेट पेरली तर?*
माळरानासाठी ही चांगली पद्धत आहे. पिकलेली निंबोळी वेचून गर काढा, बी धुऊन एक-दोन दिवस सावलीत सुकवा आणि पंधरा दिवसांच्या आत पेरा. बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोलीवर, एका जागी तीन बिया. काटेरी झुडपाच्या आडोशाला पेरल्यास शेळी पोचत नाही. वर्षभराने एकच जोमदार रोप ठेवा.

*निंबोळी किती वर्षांनी येते?*
चौथ्या-पाचव्या वर्षापासून थोडी, दहाव्या वर्षानंतर भरपूर. ५ टक्के निंबोळी अर्कासाठी १०० लिटर फवारणीला ५ किलो निंबोळी बियांची भुकटी लागते. बांधावर दोन-तीन चांगली झाडे असली की घरच्या शेतापुरता अर्क घरीच होतो.

या महिन्यात काय कराल?

धुळे-सोलापूर महामार्ग रुंद झाला तेव्हा मांजरसुंब्याच्या दोन्ही अंगांना रस्त्याकडेची जुनी सावली गेली. त्या सावलीतले अनेक लिंब कुणी खड्डे खणून लावलेले नसतील. पक्ष्याने टाकलेल्या बियातून आलेले रोप कुणीतरी खुरपताना सोडून दिले असेल, एवढेच. आपल्यालाही यापेक्षा फार काही करायचे नाही.

उद्या सकाळी अंगण झाडण्यापूर्वी लिंबाखाली आणि कुंपणाकडेने एक फेरी मारा. जागा योग्य असलेली दोन-तीन रोपे शोधा. प्रत्येकाशेजारी एक काडी रोवून तिला रंगीत चिंधी बांधा, म्हणजे झाडणाऱ्याला आणि खुरपणाऱ्याला ते रोप कळेल. सहावे पान येईपर्यंत लक्ष ठेवा, लिंबच असल्याची खात्री करा आणि मग काट्या लावा.